नवरा-बायकोचा धंदा: रिटर्न एकाचं की फर्मचं?

गुंजवण्यात ट्रेकर्सची जेवणाची सोय असो, वेल्ह्यातला मुक्काम असो की भोरच्या बाजारपेठेतलं किराणा दुकान, राबता दोघं. गोव्यात कायद्यानेच धंद्याचं उत्पन्न पती-पत्नीत निम्मं-निम्मं धरतात. तुम्हाला ती सोय नाही. कामाचे पर्याय दोन.

पहिला, एकाची मालकी. एकूण उत्पन्न १२ लाखांच्या आत असेल, तर नव्या करप्रणालीत या धंद्यावर कर शून्य. उलाढाल २ कोटींपर्यंत असेल तर कलम ४४एडीनुसार रोख विक्रीवर किमान ८ टक्के, यूपीआय किंवा बँकेतून आलेल्या रकमेवर ६ टक्के नफा दाखवा. खरा नफा जास्त असेल तर जास्तच दाखवा. फॉर्म आयटीआर-४. पॅन, आधारला जोडलेला मोबाइल, बँक स्टेटमेंट आणि पोर्टलवरचं एआयएस (वार्षिक माहिती विवरण) जवळ ठेवा. प्राप्तिकर पोर्टलवर भरायला शुल्क नाही, पुण्याची खेपही नाही. ३० दिवसांत आधार ओटीपीने पडताळणी मात्र कराच. रिटर्न भरायची मुदत चुकली तर विलंब शुल्क ५,००० रुपये, उत्पन्न ५ लाखांच्या आत असेल तर १,०००.

दुसरा, भागीदारी फर्म. इथे पहिल्या रुपयापासून सेससह ३१.२ टक्के कर. ६ लाख नफ्यावर ४४एडीने भरलंत तर १,८७,२०० रुपये जातात, कारण भागीदारांचा पगार वजा होत नाही. हिशेब ठेवून, करारपत्रात पगार लिहून ५,४०,००० दोघांत वाटले, तर कर १८,७२०. एकट्या मालकाला तेवढ्याच नफ्यावर शून्य! १५ लाख नफ्यावरही मालकाला १,०९,२००, फर्मला १,३१,०४० (भांडवलावरचं व्याज सोडून). २० लाखांच्या पुढे फर्मचं जमू लागतं.

सल्लागार जे सांगत नाहीत ते आधी विचारा. करारपत्राला मुद्रांक: भांडवल ५०,००० पर्यंत ५०० रुपये, पुढे टक्केवारीने. फर्मचं वेगळं पॅन आणि टॅन (टीडीएस कापण्यासाठीचा क्रमांक). एका भागीदाराला वर्षाला २०,००० पेक्षा जास्त दिले की १० टक्के टीडीएस; त्याचं विवरण लांबलं तर दिवसाला २०० रुपये. वर हिशेबनिसाची फी. तीन रिटर्नं भरायची, तीन फिया.

"जोडीदाराला पगार दाखवा, कर वाचेल" असं कुणी सांगितलं तर थांबा. एकाच्या मालकीच्या धंद्यात जोडीदाराचा पगार मालकाच्याच उत्पन्नात मिळवतात. तांत्रिक किंवा व्यावसायिक पात्रतेवर मिळवलेला पगारच सुटतो.

खानावळ बाईच चालवत असतील तर मालकीही त्यांच्याच नावावर ठेवा. क्यूआर कोड त्यांच्या खात्याचा, पॅन त्यांचं. भांडवल मात्र त्यांच्या बचतीचं किंवा कर्जाचं असू द्या. नवऱ्याने भेट दिलेल्या पैशावरचा नफा पुन्हा नवऱ्याच्याच नावे धरला जातो. पुढे बँकेत कर्ज मागायला जाल तेव्हा रिटर्नं त्यांच्या नावची असतील.