एक्स-रे खोलीतली जबाबदारी कोणाची?

प्रश्न : मी एका खासगी दवाखान्यात एक्स-रे तंत्रज्ञ आहे. लहान मुलं हलतात, म्हणून डॉक्टर मलाच त्यांना धरायला सांगतात. मला किरणमात्रा मोजणारा बॅजही दिलेला नाही. हे योग्य आहे का?
– एक वाचक, सुलतानपूर (ता. लोणार, जि. बुलडाणा)

उत्तर : अजिबात नाही. २००४च्या किरणोत्सर्ग संरक्षण नियमांनुसार सुरक्षेची मुख्य जबाबदारी मालकाची असते. यंत्र वापरायला अणुऊर्जा नियामक मंडळाची परवानगी लागते. ‘ई-लोरा’ या ऑनलाइन प्रणालीतून अर्ज करता येतो.

हा टीएलडी बॅज मालकानेच द्यायचा. तो छातीवर, शिशाच्या एप्रनच्या आत लावा आणि दर तीन महिन्यांनी तपासणीला पाठवा. कर्मचाऱ्यासाठी किरणमात्रेची मर्यादा पाच वर्षांत मिळून १०० मिलिसिव्हर्ट, कोणत्याही एका वर्षात ३० पेक्षा जास्त नाही. गर्भवती असल्यास मालकाला लगेच कळवा; त्यानंतर गर्भासाठी मर्यादा १ मिलिसिव्हर्ट.

मुलाला धरण्याचं काम रोज तुम्ही करायचं नाही. गरज पडल्यास नातेवाइकाने एप्रन घालून धरावं. गर्भवती आईने मात्र नाही. बटण दाबताना पडद्याआड उभे राहा. अंतर दुप्पट झालं की मात्रा चौथ्या हिश्श्यावर येते. एप्रन घडी घालून ठेवू नका, आतल्या शिशाला चिरा पडतात. तो हँगरवर लटकवा.

यंत्र बंद झाल्यावर खोलीत किरण उरत नाहीत, ती भीती सोडा. बॅजची मागणी मात्र आजच लेखी द्या आणि पोच जपून ठेवा.