नाव, गाव, पाठिंबा

एआयवर कायद्याचा अंकुश हवा म्हणून कॅलिफोर्नियात धडपडणाऱ्या एका छोट्याशा नागरिक-गटात मी गेली काही वर्षं लुडबुड करते आहे. सगळी नोकरी सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये गेली. निवृत्तीनंतर बागकाम करायचं ठरलं होतं, त्याऐवजी बिलांचे मसुदे वाचायची सवय लागली. २०२४ मध्ये एसबी १०४७ नावाचं बिल आलं आणि पडलं. २०२५ मध्ये त्याचं धाकटं भावंड, एसबी ५३, कायदा झालं. या दोघांच्या मागे पळताना जे उमगलं, ते जमेल तसं लिहिते आहे.

१. भीतीमुळे मी या कामात आले, पण भीतीवर फार दिवस काढता येत नाहीत. मे २०२३ मध्ये ‘सेंटर फॉर एआय सेफ्टी’ या संस्थेने एका वाक्याचं निवेदन काढलं होतं : एआयमुळे मानवजात नष्ट होण्याचा धोका टाळणं हे महासाथी आणि अणुयुद्ध यांच्याइतकंच महत्त्वाचं मानलं जावं, अशा अर्थाचं. त्यावर जेफ्री हिंटन, योशुआ बेंजिओ यांच्यासारख्या शास्त्रज्ञांच्या सह्या होत्या. त्याचं नवल वाटलं नाही. पण ओपनएआय, गूगल डीपमाइंड, अँथ्रॉपिक यांच्या प्रमुखांच्याही होत्या, आणि माझी झोप उडाली ती त्यामुळे. प्रोग्रॅम लिहिणारा स्वतःच ‘हा कोसळू शकतो’ म्हणून सही करतो आणि तरी रिलीजची तारीख हलत नाही, असं माझ्या सगळ्या नोकरीत कधी घडलं नव्हतं. पहिल्या बैठकीला गेले ती मानवजातीच्या भवितव्यावर चर्चा ऐकायला. चर्चा झाली ती कोणता आमदार कोणत्या समितीवर आहे आणि सॅक्रामेंटोला जायला कोणाच्या गाडीत किती जागा आहेत याची.

२. लोकशाहीत आपल्याला बोलायला मिळतं, पण किती सेकंद, हे आधी विचारून घ्यावं. विधिमंडळाच्या समितीपुढे दोन्ही बाजूंचे मुख्य साक्षीदार मोजून मिनिट-दोन मिनिटं बोलतात. बाकीच्यांनी रांगेत उभं राहायचं आणि माइकपाशी नाव, गाव किंवा संस्था आणि ‘पाठिंबा’ की ‘विरोध’ एवढंच सांगायचं. मी घरी भाषण पाठ केलं होतं, नवऱ्याला घड्याळ लावून समोर बसवलं होतं. प्रत्यक्षात माझं नावच अध्यक्षांना नीट कळलं नाही आणि पुढच्याला बोलावणं गेलं. रागच आला होता. मग मागे वळून पाहिलं तर रांग दाराबाहेर गेली होती, आणि समितीवरचे दोन सदस्य मोबाइल खाली ठेवून त्या रांगेकडे बघत होते. तिथे माझ्या युक्तिवादाला कोणी विचारत नव्हतं. मी तिथे मोजण्यापुरतं एक डोकं होते, आणि डोकी मोजली जात होती.

३. यंत्राबद्दलचं ज्ञान या कामात फारसं उपयोगी पडत नाही. आमदारांच्या कचेरीत भेटायला येते ती पंचविशीतली एखादी सहायक. तिला मॉडेल कसं शिकतं यात रस नसतो. तिचे प्रश्न वेगळे : नवा विभाग काढायचा तर पैसे कुठून येणार? पदं किती? आणि दंड कोण वसूल करणार? खर्चाची बिलं अर्थसमितीच्या ‘सस्पेन्स फाइल’मध्ये जातात आणि ऑगस्टमध्ये एका बैठकीत शेकडो बिलांचा निकाल चर्चेविना भराभर वाचला जातो. १५ ऑगस्ट २०२४ला आमचं बिल त्यातून वाचलं, पण लग्नाच्या यादीतून ऐनवेळी नावं कापावीत तशी कलमं कापली गेली. देखरेखीसाठी नवा सरकारी विभाग निघायचा होता, तो गेला. खोटी माहिती देण्याला फौजदारी गुन्हा मानण्याची तरतूद गेली. मी लॅपटॉपसमोर बसले होते. काय गेलं हे उलगडेपर्यंत पुढची कितीतरी बिलं वाचून झाली होती.

४. आपल्या बाजूला कोण उभं राहील हे आपल्या हातात नसतं. डीप लर्निंग तंत्राबद्दल २०१८चं ट्युरिंग पारितोषिक तिघांना विभागून मिळालं होतं. त्यांतले हिंटन आणि बेंजिओ आमच्या बाजूला, तिसरे यान लेकन कट्टर विरोधात. स्टॅनफर्डच्या फेइ-फेइ ली विरोधात. नॅन्सी पेलोसी विरोधात. हॉलिवूडच्या कलाकारांची युनियन पाठिंब्यात. आणि ऑगस्ट संपता संपता इलॉन मस्क यांनी बिल मंजूर व्हावं असं जाहीर केलं. आमच्या गटात त्या दिवशी आनंद व्हावा की चेहरे लपवावेत हे कोणाला कळेना. तेव्हापासून ‘कोण कोणाच्या बाजूला’ यावरून बरोबर-चूक ठरवायचं मी सोडलं. मग मसुदाच वाचावा लागतो, जे जास्त कंटाळवाणं आहे.

५. पैसा फक्त समोरच्याकडे असतो असं नाही. हे मला माझ्या भाच्याने ऐकवलं. “मावशी, तुमच्याही मागे अब्जाधीशच आहेत की.” आहेतच. सेंटर फॉर एआय सेफ्टीला ओपन फिलान्थ्रपीचं अनुदान मिळालेलं आहे, आणि तिथला पैसा मुख्यतः फेसबुकच्या एका सहसंस्थापकाचा. २०२३ मध्ये सहा महिने थांबा म्हणणारं खुलं पत्र काढणाऱ्या फ्युचर ऑफ लाइफ इन्स्टिट्यूटला इथेरियमच्या विटालिक बुटेरिन यांनी प्रचंड देणगी दिली होती. समोरच्यांनी २०२५ मध्ये निवडणुकीसाठी दहा कोटी डॉलरच्या वरची राजकीय थैली जाहीर केली, हेही खरं. पण ‘त्यांचा जास्त आहे’ हे काही उत्तर नव्हे. आमच्या गटाचा खर्च पेट्रोल आणि कोणाच्या तरी घरचे बटाटेवडे एवढाच. तरी आमच्या हातातले अहवाल आणि मसुद्यावरच्या टिपण्या ज्या पगारदार माणसांनी लिहिल्या, त्यांचा पगार कुठून येतो हे विचारायला हवं. मी आता विचारते. बैठकीत थोडी शांतता पसरते.

६. खरा विरोधक बहुधा आपल्याच पंगतीला बसलेला असतो. इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत आरतीला उभ्या असलेल्यांपैकी कितीतरी जण याच कंपन्यांत किंवा त्यांच्या आसपास काम करतात. माझा भाचा एका स्टार्टअपमध्ये आहे. त्याचा मुद्दा साधा होता : मी मॉडेल सगळ्यांसाठी खुलं केलं, कोणीतरी ते बदलून वाईट काम केलं, तर जबाबदार मी का? मी त्याला आकडे सांगितले. बिल लागू होतं ते शिकवण्यावर दहा कोटी डॉलरच्या वर खर्च आणि दहाच्या सव्विसाव्या घाताइतकी आकडेमोड लागलेल्या मॉडेलना. तुझ्या कंपनीला ही मर्यादा ओलांडायला अजून दोन-तीन जन्म लागतील. तो म्हणाला, “आजची मर्यादा. उद्याची कोण ठरवणार?” यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. पुढे दुरुस्ती झाली : दुसऱ्याचं मॉडेल घेऊन एक कोटी डॉलरपेक्षा कमी खर्चात बदल केले, तर बदललेल्या मॉडेलची जबाबदारी मूळ कंपनीचीच राहील आणि बदलणारा सुटेल. छोट्या स्टार्टअपना दिलासाच तो. तरीही त्याचा विरोध तसूभर कमी झाला नाही. मी त्याला हटवादी म्हणाले. मोदक वाढताना मनात आलं, माझ्या सगळ्या शंकांची उत्तरं कंपन्यांनी दिली तर मी तरी घरी बसेन का?

७. आपण पहिले नसतो. जगबुडीच्या काळजीने मी जागी झाले २०२३ मध्ये, पण अल्गोरिदमविरुद्धची लढाई त्याआधीच सुरू होती. २०१८ मध्ये जॉय बुओलाम्विनी आणि टिम्निट गेब्रू यांनी दाखवून दिलं होतं की चेहऱ्यावरून स्त्री-पुरुष ओळखणाऱ्या प्रणाली गोऱ्या पुरुषांच्या बाबतीत क्वचितच चुकतात, आणि काळ्यासावळ्या स्त्रियांच्या बाबतीत एका प्रणालीची चूक जवळजवळ पस्तीस टक्क्यांवर जाते. मे २०१९ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोने पोलीस आणि पालिकेला चेहरा-ओळख वापरायला बंदी केली. अमेरिकेत अशी बंदी करणारं ते पहिलं शहर. २०२० मध्ये कॅलिफोर्नियात जामिनाची रक्कम रद्द करून त्याऐवजी धोका मोजणारं गणित आणायचा प्रस्ताव मतदानाला आला. त्याविरुद्ध स्नेहा रेवणूर या सॅन होजेच्या पंधरा वर्षांच्या मुलीने ‘एन्कोड जस्टिस’ सुरू केली. प्रस्ताव पडला. पुढे तीच संस्था एसबी १०४७च्या पुरस्कर्त्यांपैकी एक झाली. मी पंधराव्या वर्षी भूमितीच्या प्रमेयांना घाबरत होते.

या जुन्या मंडळींचं आमच्यासारख्यांवर प्रेम नाही. उद्याच्या प्रलयाच्या गप्पा मारता मारता आज चुकीच्या चेहऱ्यावरून तुरुंगात गेलेला माणूस तुम्हाला दिसत नाही, हा त्यांचा आक्षेप. पुण्याच्या मैत्रिणीनेही फोनवर तेच वेगळ्या शब्दांत सांगितलं. तिकडे ‘इंटरनेट फ्रीडम फाउंडेशन’ देशभरातल्या चेहरा-ओळख प्रकल्पांची नोंद ठेवतं, तेलंगणच्या उच्च न्यायालयात पोलिसांच्या चेहरा-ओळखीविरुद्ध याचिका आहे. “आमच्याकडे यंत्राने जग संपवायच्या आधी रेशनकार्ड संपवलं नाही म्हणजे मिळवलं,” ती म्हणाली.

८. हरण्याचं कारण पटलं की हरणं जास्त बोचतं. २९ सप्टेंबर २०२४, रविवारी गव्हर्नर न्यूसम यांनी एसबी १०४७वर व्हेटो वापरला. कंपन्यांचा दबाव, असं म्हणून मोकळं होता आलं असतं, आणि दबाव होताच. पण त्यांच्या पत्रातला एक मुद्दा सुटेना : हे बिल फक्त आकार आणि खर्च बघतं, मॉडेल कुठे वापरलं जातं ते बघत नाही, छोटं मॉडेल धोक्याच्या जागी बसवलं तर तेही तितकंच घातक ठरू शकतं. सातव्या मुद्द्यातली माणसं हेच तर सांगत होती. त्यानंतर न्यूसम यांनी तज्ज्ञांचा गट नेमला, त्यात फेइ-फेइ ली. आम्ही कपाळाला हात लावला. त्या गटाचा अहवाल जून २०२५ मध्ये आला आणि त्यात पारदर्शकता, घटनांची नोंद, आतून बोलणाऱ्यांना संरक्षण हे सगळं होतं. राज्याचे सिनेटर स्कॉट वीनर यांनी त्यावर एसबी ५३ची उभारणी केली आणि बरोबर एका वर्षाने, २९ सप्टेंबर २०२५ला, त्याच न्यूसम यांनी त्यावर सही केली.

कायदा बारीक झाला आहे यात शंका नाही. नुकसानीची जबाबदारी गेली, गरज पडली तर मॉडेल बंद करण्याची सोय ठेवण्याची सक्ती गेली. मोठ्या कंपन्यांनी आपली सुरक्षा-योजना जाहीर करायची, गंभीर घटना पंधरा दिवसांत राज्याच्या आपत्कालीन सेवा कार्यालयाला कळवायची. दंड एका उल्लंघनाला जास्तीत जास्त दहा लाख डॉलर. पन्नास कोटी डॉलरच्या वर उलाढाल असलेल्या कंपनीला तो दंड म्हणजे पार्किंगची पावती. तरी मला यातलं एक कलम सगळ्यात मोलाचं वाटतं. धोके तपासणं हेच ज्याचं काम आहे, त्या कर्मचाऱ्याने तोंड उघडलं तर त्याला नोकरीवरून काढता येणार नाही. बग सगळ्यात आधी कोणाला कळतो आणि रिलीजच्या आदल्या रात्री त्याला काय सांगितलं जातं, हे मला कोणी शिकवायची गरज नाही.

९. मंजूर झालेला कायदा राखावाही लागतो. महाराष्ट्राने २००० साली केलेला माहिती अधिकाराचा कायदा अपवादांनी पोकळ होता. अण्णा हजारेंच्या आंदोलनांनंतर २००२चा चांगला कायदा आला आणि मग २००५चा केंद्राचा. तोवर मी इकडे आले होते, पण वडील माहितीचे अर्ज मोठ्या हौसेने करत. आता २०२३च्या डेटा संरक्षण कायद्यातल्या एका पोटकलमाने वैयक्तिक माहितीच्या नावाखाली त्याच अधिकाराला कात्री लावली आहे. इकडेही तेच. राज्यांनी दहा वर्षं एआयवर कायदेच करू नयेत अशी तरतूद २०२५ मध्ये संसदेच्या कनिष्ठ सभागृहात संमत झाली होती. सिनेटने १ जुलैला ती ९९ विरुद्ध १ मतांनी काढून टाकली. आमच्या गटाने त्या आठवड्यात फोनवर फोन केले, बहुतेक वेळा व्हॉइसमेल भरलेला. ९९ मतांत माझ्या फोनचा वाटा शून्य आहे हे मी जाणते. डिसेंबरमध्ये राष्ट्राध्यक्षांचा आदेश आला, राज्यांच्या अशा कायद्यांना न्यायालयात आव्हान देण्याचा. पुन्हा गाडीतल्या जागा मोजणं सुरू.

१०. आपत्कालीन सेवा कार्यालय म्हणजे भूकंप आणि वणव्याचं कार्यालय. २०२७ पासून त्याने दरवर्षी कळवलेल्या घटनांचा, नावगाव काढून टाकलेला, गोषवारा द्यायचा आहे. मी वाट बघते आहे. तो आला की भाच्याला पाठवणार. तो वाचणार नाही. चॅटबॉटकडून त्याचा सारांश काढून मलाच परत पाठवेल, आणि मी तो मूळ अहवालाशी ओळ न ओळ ताडून त्यातल्या चुका शोधत बसेन.