सोनकी व कारळा : एका कुळांतील दोन शाखा

भाद्रपद-आश्विनांत सह्याद्रीचे माथे पिवळे झालेले आपण सर्वांनीं पाहिले आहेत. उतारावरील कारळ्याचें शेत व कातळावरील सोनकी दुरून एकच भासतात. परंतु एकाची पेंड आपण गुरांस हौसेनें घालतों आणि दुसरी वैरणींत येऊं न देणें हिताचें आहे. हा भेद रंगावरून कळत नाहीं. त्यासाठीं वनस्पतिशास्त्रांतील वर्गीकरणाची थोडी ओळख पाहिजे.

दोन्ही वनस्पती सूर्यफुलाच्या कुळांतील आहेत. शास्त्रांत या कुळास कंपोझिटी अथवा ॲस्टरेसी म्हणतात. करडई, शेवंती व झेंडू याच कुळांतील होत. आपण ज्यास एक फूल समजतों, तें वस्तुतः अनेक सूक्ष्म फुलांचें स्तबक असतें. मध्यें नळीसारखीं फुलें, कडेस पाकळीसारखीं पसरट फुलें, आणि सर्वांस खालून धरणारें हिरव्या छदांचें वेष्टन, अशी ही रचना आहे. करडईस कडेचीं पसरट फुलें नसतात. तरी स्तबक तेंच, म्हणून कुळहि तेंच.

आतां दोहोंतील भेद पाहूं.

(१) पान : कारळ्याचीं पानें बहुधा समोरासमोर जोडीनें येतात. सोनकीचीं एकाआड एक असून कडा दातेरी असतात.

(२) वेष्टन : कारळ्याचीं बाहेरचीं छदें रुंद व पानासारखीं असतात. सोनकीचीं मुख्य छदें अरुंद असून एकाच ओळींत असतात.

(३) दाणा : कारळ्याचा दाणा काळा, तुळतुळीत व केंसरहित. सोनकीच्या मधल्या फुलांच्या दाण्यांवर पांढऱ्या मऊ केंसांचा झुबका असतो व त्यायोगें ते वाऱ्यावर उडतात.

या पांढऱ्या केंसांवरूनच सोनकीच्या प्रजातीस सेनेसिओ हें नांव पडलें. लॅटिन भाषेंत ‘सेनेक्स’ म्हणजे वृद्ध मनुष्य. हूकर यांनीं ‘फ्लोरा ऑफ ब्रिटिश इंडिया’च्या तिसऱ्या खंडांत (१८८०-८२) सोनकीस सेनेसिओ ग्रॅहॅमी म्हटलें. परंतु तें नांव आधींच दुसऱ्या वनस्पतीस दिलेलें होतें. एकाच गांवांत एकच सर्व्हे नंबर दोन शेतांस देतां येत नाहीं, तसाच हा नियम. म्हणून पुढें बालकृष्णन यांनीं तिला सेनेसिओ बॉम्बेएन्सिस हें नांव दिलें. नांव बदललें, वनस्पति तीच राहिली.

शेतकऱ्यास याचा उपयोग काय ? सेनेसिओ प्रजातींतील अनेक जातींत गुरांच्या यकृतास घातक अशीं द्रव्यें असतात. इंग्लंडांतील रॅगवर्ट नांवाचें तण याविषयीं कुप्रसिद्ध आहे. लिनियसनें १७५३ सालीं तें सेनेसिओंतच घातलें होतें. हल्लीं तें याकोबेआ या जवळच्या प्रजातींत मोडतें. हिरवें असतां कडवटपणामुळें जनावरें तें बहुधा टाळतात. वाळून गंजींत मिसळलें म्हणजे मात्र तीं तें निवडूं शकत नाहींत, आणि वाळल्यानें विष जात नाहीं. यकृताचा बिघाड सावकाश होत असल्यानें कारणहि लवकर ध्यानांत येत नाहीं.

सबब डोंगरकुरणांतील गवत कापतांना सोनकी ओळखून बाजूस काढावी. कातळावरून ती समूळ उपटण्याचें मात्र प्रयोजन नाहीं. तिचें स्थान तेथेंच आहे, गंजींत नाहीं.