दूरचा मित्र आणि जवळची माणसे



आपल्या बडोद्याच्या मराठी समाजात कुणाला कावीळ झाली, तर संध्याकाळपर्यंत ती बातमी ओळखीच्या दहा घरांत पोचते. कुणी उसाचा रस पाठवतो, कुणी चांगल्या डॉक्टरांचे नाव सांगतो. पण त्याच घरातल्या मुलाला नैराश्याचा आजार झाला, तर "त्याला जरा बरं नाही" एवढेच सांगून दार लोटून घेतले जाते. गणपतीच्या आरतीला तो का आला नाही, याला अभ्यासाचे निमित्त दिले जाते. असा मुलगा मग रात्री मोबाइलवर, कधीही न भेटलेल्या मित्रापाशी मन मोकळे करतो. त्याचे हे करणे योग्य की अयोग्य? या पाठात आपण याच प्रश्नाचा विचार करू.

आजार कशाला म्हणायचे?

परीक्षेच्या आदल्या दिवशी धडधडणे किंवा भांडण झाल्यावर रडू येणे हा आजार नव्हे. पण उदासी दोन आठवड्यांहून अधिक टिकली, झोप आणि भूक बिघडली, आवडीचा खेळसुद्धा नकोसा झाला, तर डॉक्टरांना दाखवायला हवे. नैराश्य, चिंताविकार, कधी अतिउत्साह तर कधी खोल उदासी आणणारा द्विध्रुवी विकार, भास आणि संशय निर्माण करणारा स्किझोफ्रेनिया हे यांतले काही आजार. ते आळशीपणामुळे होत नाहीत. त्यांत आईवडिलांच्या संस्कारांचाही दोष नसतो.

हे आजार दुर्मीळही नाहीत. बंगळुरूच्या 'निम्हान्स' संस्थेने २०१५-१६ मध्ये गुजरातसह १२ राज्यांत राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केले. त्यात दर १०० प्रौढांमागे १० ते ११ जणांना त्या वेळी काही ना काही मानसिक विकार असल्याचे आढळले. यांतल्या बहुसंख्यांना उपचार मिळत नव्हते. १० ते १९ वयोगटात जगभरात सुमारे सातांपैकी एकाला असा त्रास असतो, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. म्हणजे ४० जणांच्या वर्गात पाच-सहा मुले झाली.

या आजारांवर औषधे आहेत, समुपदेशन आहे. मात्र नैराश्यावरच्या गोळ्यांचा गुण दिसायला काही आठवडे लागतात. काही आजार मधुमेहासारखे दीर्घकाळ सांभाळावे लागतात. त्यामुळे डॉक्टरांच्या दोन भेटींमधले दिवस कसे काढायचे, हा रुग्णापुढचा खरा प्रश्न असतो. मित्राची गरज लागते ती याच दिवसांत.

समदुःखी माणूस काय देतो?

अमेरिकेतल्या अ‍ॅक्रन गावी १९३५ मध्ये बिल विल्सन आणि डॉ. बॉब स्मिथ हे दोन मद्यासक्त गृहस्थ भेटले. आपल्यासारख्याच दुसऱ्या माणसाशी बोलल्याने दारूपासून दूर राहता येते, हे त्यांच्या ध्यानात आले. त्यातून 'अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस' ही चळवळ उभी राहिली. १९३७ मध्ये शिकागोत डॉ. अब्राहम लो यांनी मनोरुग्णालयातून घरी गेलेल्या रुग्णांचा स्वमदत गट सुरू केला. आपल्या मराठी माणसांतले उदाहरण म्हणजे डॉ. जगन्नाथ वाणी. कॅनडातल्या कॅलगरी विद्यापीठात ते संख्याशास्त्राचे प्राध्यापक होते. पत्नीच्या स्किझोफ्रेनियाचा अनुभव गाठीशी असलेल्या वाणींनी १९९७ मध्ये पुण्यात 'स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन' स्थापन केली. रुग्णांना आणि त्यांच्या घरच्यांना एकमेकांशी बोलता यावे, हे या संस्थेच्या कामाचे एक महत्त्वाचे अंग आहे.

या गटांत डॉक्टरांची जागा कुणी घेत नाही. "मलाही असंच होत होतं, आणि मी त्यातून चाललो आहे," हे वाक्य मात्र तिथेच ऐकायला मिळते. गोळी घेतल्यावर येणारी सुस्ती, सकाळी अंथरूण सोडण्याचा कंटाळा, नातेवाइकांच्या प्रश्नांना काय उत्तर द्यायचे, हे ज्याने सोसले त्यालाच नेमके कळते.

पडद्यापलीकडची मैत्री

आज असे समदुःखी मित्र मोबाइलवर भेटतात. आपल्यासारख्या लहान समाजात त्याचे कारणही उघड आहे. इथे शिक्षिका आईची मैत्रीण असते आणि मंडळाचे चिटणीस आजोबांचे स्नेही. "उद्या हिच्या लग्नाच्या वेळी बोलतील" ही भीती घरोघर आहे. दूरच्या मित्राला आपले आडनावही माहीत नसते, म्हणून त्याच्याशी बोलणे सोपे जाते.

अशी मैत्री खोटी असते, असे अनेक पालकांना वाटते. नॉर्वेच्या मॅट्स स्टीनच्या आईवडिलांनाही मुलगा एकाकी आहे असेच वाटत होते. त्याचा आजार मनाचा नव्हता. लहानपणापासून त्याचे स्नायू क्षीण होत गेले आणि पुढे तो बराच वेळ संगणकावरच्या एका खेळात घालवू लागला. २०१४ मध्ये वयाच्या २५ व्या वर्षी तो गेला. वडिलांनी इंटरनेटवर ती बातमी दिली, आणि युरोपातल्या अनेक ठिकाणांहून अनोळखी माणसांची पत्रे येऊ लागली. मॅट्सने आपल्याला अडचणीत कसा धीर दिला, हे त्यांनी लिहिले होते. त्यांतले काही जण अंत्यविधीलाही आले. २०२४ मध्ये त्याच्या जीवनावरचा माहितीपट प्रदर्शित झाला. मुलाला मित्र आहेत हे आईवडिलांना त्याच्या माघारी कळले. आपल्या घरी हे मूल समोर असतानाच कळायला हवे.

मैत्रीच्या मर्यादा

दूरचा मित्र खरा असला, तरी पुढील गोष्टी लक्षात ठेवाव्यात.

१. औषध सुरू करणे, वाढवणे किंवा बंद करणे हे डॉक्टरांनीच सांगावे. मित्राला लागू पडलेली गोळी आपल्याला लागू पडेलच असे नाही.

२. पैसे, छायाचित्रे, पत्ता किंवा पासवर्ड मागणारा, "घरी सांगू नकोस" असे बजावणारा माणूस मित्र नव्हे. तिथेच थांबावे आणि मोठ्यांना सांगावे. मुलांसाठी १०९८ हा मदत क्रमांक आहे.

३. बोलून झाल्यावर मन हलके व्हायला हवे. रोज रात्री दोनपर्यंत जागून दुःखच वाढत असेल, तर त्या गप्पा कमी कराव्यात. अपुऱ्या झोपेने बहुतेक मानसिक आजार बळावतात.

४. चांगला मित्र आपल्याला डॉक्टरांकडे आणि घरच्यांकडे जायला सांगतो, त्यांच्यापासून तोडत नाही.

न ठेवण्याचे गुपित

समजा, आपल्या अकरावीतल्या एका मुलीला नागपूरच्या मैत्रिणीचा रात्री संदेश आला: "आता जगायचं नाही. कुणाला सांगू नकोस, शप्पथ आहे." तिने काय करावे?

शप्पथ मोडावी. मैत्रिणीशी बोलत राहावे, "तुझ्या मनात जीव द्यायचा विचार येतोय का?" असे सरळ विचारावे. असे विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. उलट बोलायला वाट मिळते. त्याच वेळी आईबाबांना उठवावे. मैत्रिणीच्या घरचा किंवा जवळच्या कुणाचा क्रमांक मिळवून त्यांना कळवावे. जीव तत्काळ धोक्यात असेल तर ११२ वर फोन करावा. सरकारची 'टेली मानस' सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत मिळते आणि तिथे मराठीतही बोलता येते. मैत्रीण रागावेल, कदाचित काही दिवस बोलणार नाही. तो राग सोसावा. आणि हे सारे एकटीने पेलायची जबाबदारी सोळा वर्षांच्या मुलीची नाही, हेही ध्यानात ठेवावे.

पालक आणि विश्वस्तांसाठी

पालकहो, मूल मोबाइलवर कुणाशी बोलते हे कळल्यावर पहिल्याच झटक्यात मोबाइल हिसकावू नका. "तो कसा आहे? त्याच्याशी बोलून तुला बरं वाटतं का?" असे विचारा. एकाच वेळी मित्र आणि विश्वास दोन्ही गेले, तर पुढचे काहीही तुम्हाला कळणार नाही. आपल्या शहरात कारेलीबागेत सरकारी मानसिक आरोग्य रुग्णालय आहे, सयाजी रुग्णालयातही मनोविकार विभाग आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने, जो २०१८ मध्ये लागू झाला, उपचारांचा हक्क दिला आहे आणि रुग्णाची माहिती गुप्त ठेवणेही बंधनकारक केले आहे.

विश्वस्तांसाठीही एक गोष्ट. सर्वोच्च न्यायालयाने २५ जुलै २०२५ रोजी दिलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार १०० किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थेने किमान एक प्रशिक्षित समुपदेशक नेमावा आणि मदत क्रमांक ठळकपणे लावावेत. समुपदेशकाची खोली कार्यालयाच्या दारासमोर नसावी, एवढे आपण पाहिले तरी मुले तिथे जातील. मुलांना दूरचे मित्र मिळोत, पण केवळ जवळ कुणी ऐकणारे नाही म्हणून त्यांना दूर जावे लागू नये.

स्वाध्याय

१. साधी उदासी आणि नैराश्याचा आजार यांतला फरक आपल्या शब्दांत लिहा.

२. स्वमदत गट डॉक्टरांची जागा का घेऊ शकत नाही?

३. "वचन मोडणे नेहमीच वाईट" या विधानावर वर्गात चर्चा करा.

४. अडचणीच्या वेळी ज्यांना फोन करता येईल अशा तीन मोठ्या माणसांची नावे वहीत लिहा. ही वही कुणी तपासणार नाही.