सुई, सही आणि मुदत

मी आधी पळायचो, आता पळणाऱ्यांच्या बाजूने वकिली करतो. दोन्ही कामांतून एक गोष्ट मला पक्की पटली आहे. आपल्या जव्हार-मोखाड्याच्या पोरांचं जेवढं नुकसान ट्रॅकवर होतं, त्याहून जास्त कागदावर होतं. माझ्या वाट्याला जे आलं ते आज आश्रमशाळेच्या मैदानावर पळणाऱ्या कोणाच्या वाट्याला येऊ नये, म्हणून हे लिहितो आहे.

खोडाळ्याहून सूर्यमाळच्या चढावर पळत मी तयार झालो. आमच्या पिढीसमोर कविता राऊत होत्या. डोंगरापलीकडच्या हरसूलजवळचा सावरपाडा त्यांचा. २०१० साली दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत १० हजार मीटरमध्ये त्यांनी कांस्य मिळवलं आणि त्याच वर्षी ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत रौप्य. त्या पाड्याची मुलगी जर तिथवर जाते, तर आपणही जाऊ, असं आम्हाला खरंच वाटायचं.

राज्य स्पर्धेनंतर शहरातल्या एका क्लबने मला घेतलं. करार इंग्रजीत होता. मी सतरा वर्षांचा होतो. खाली सही माझी, शेजारी बाबांचा अंगठा. पुढे नडगीच्या हाडाला बारीक चीर गेली आणि पळणं थांबलं. मग मानधन थांबलं, राहण्याची खोली गेली. बक्षिसाच्या रकमेतला अर्धा वाटा पाच वर्षं क्लबचा, असं करारात असल्याचं तेव्हा कळलं. माझी मूळ प्रमाणपत्रं त्यांच्या कपाटात होती. ‘आधी हिशेब पुरा कर, मग ने,’ एवढंच उत्तर मिळायचं. राज्यात सरकारी नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे. पण खेळाचं प्रमाणपत्र पडताळून घेतल्याशिवाय त्याचा लाभ मिळत नाही. एका वकील ताईंच्या नोटिशीनंतर कागद हातात आले, तोवर भरतीची तारीख उलटून गेली होती. त्या ताईंमुळेच मी कायदा शिकायला गेलो.

सही

भारतीय करार कायदा १८७२ सालचा आहे. त्यानुसार अठरा वर्षं पूर्ण न झालेल्या मुलाचा करार मुळातच रद्द ठरतो. मोहोरी बीबी खटल्यात १९०३ साली प्रिव्ही कौन्सिलने हे पक्कं केलं. म्हणजे सतराव्या वर्षीच्या सहीवर कोणी वसुलीची धमकी दिली, तर घाबरू नका. पण याची दुसरी बाजूही ध्यानात ठेवा. करारच नसेल, तर त्यातलं मानधनही हक्काने मागता येत नाही. राज राणी विरुद्ध प्रेम अदीब या खटल्यात वडिलांनी मुलीच्या वतीने केलेला चित्रपटाचा करार मुंबई उच्च न्यायालयाने धरला नाही, आणि तिचा नुकसानभरपाईचा दावा टिकला नाही. म्हणून ठरलेले पैसे दर महिन्याला मुलाच्या बँक खात्यात जमा होतात का, ते पालकांनी पाहत राहावं. थकबाकी वाढू देऊ नये.

अठरानंतरही सगळंच बांधून घेता येत नाही. श्रीरामपूरचा क्रिकेटपटू झहीर खान आणि त्याचं काम पाहणारी कंपनी यांचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला होता. करार संपल्यावरही दुसऱ्याकडे जाण्याआधी आम्हाला पहिली संधी द्यायला हवी, असं कंपनीचं म्हणणं होतं. २००६ साली न्यायालयाने ते मान्य केलं नाही. मुदत संपली की खेळाडू मोकळा, हे त्या निकालाचं सार.

सही करण्याआधी मजकूर मराठीत लिहून मागा. प्रत त्याच दिवशी ताब्यात घ्या. मूळ प्रमाणपत्र कोणाच्याही हवाली करू नका, छायाप्रत द्या.

सुई

अंग मोडून आलं की आपल्याकडे डॉक्टरला ‘एक सुई मारा’ म्हणतात. त्या सुईत अनेकदा डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड असतं. २०२२पासून स्पर्धेच्या काळात या गटातली औषधं कुठल्याही इंजेक्शनने घेण्यास बंदी आहे. उत्तेजकविरोधी नियमांचं मूळ तत्त्व कडक आहे: शरीरात जे सापडलं त्याची जबाबदारी खेळाडूची, मग ते कोणीही दिलेलं असो. जागतिक संस्था ‘वाडा’चे पहिले अध्यक्ष डिक पाउंड १९६०च्या रोम ऑलिंपिकमध्ये पोहले होते आणि पेशाने वकील होते. खेळ आतून पाहिलेल्या माणसांनीही हा नियम कडकच ठेवला.

आपल्याच जिल्ह्यातलं उदाहरण पाहा. विरारमध्ये वाढलेल्या पृथ्वी शॉच्या नमुन्यात २०१९ साली टर्ब्युटालिन सापडलं. खोकल्याच्या औषधातून ते नकळत गेलं, हे क्रिकेट मंडळाने मान्य केलं. तरी आठ महिन्यांची बंदी टळली नाही. इतकं नाव असलेल्या खेळाडूचं हे झालं, तर पाड्यावरच्या पोराने किती जपायला हवं!

डॉक्टरांना आधीच सांगा, की मी चाचणीत येणारा खेळाडू आहे. चिठ्ठी जपून ठेवा. बंदी असलेलं औषध आजारासाठी घ्यावंच लागणार असेल, तर उपचारासाठीची सूट मिळवण्याचा अर्ज देशातली उत्तेजकविरोधी संस्था ‘नाडा’ हिच्याकडे करता येतो. प्रशिक्षकाने दिलेली पावडर बिलाशिवाय आणि सीलबंद डब्याशिवाय घेऊ नका.

मुदत

चाचणीत उत्तेजक सापडल्याच्या आरोपाचं पत्र ईमेलने येतं. आपल्या पोरांचा ईमेल बहुधा प्रशिक्षकाच्या मोबाइलवर असतो आणि पाड्यावर रेंज नसते. पत्र वाचलं जाईपर्यंत दिवस सरतात. दुसरा, म्हणजे ‘ब’ नमुना तपासून मागण्याचा हक्क ठरलेल्या वेळेतच वापरता येतो. चार वर्षांच्या बंदीचा आरोप असेल, तर २० दिवसांत कबुली आणि शिक्षा स्वीकारल्यास एक वर्ष कमी होऊ शकतं. पण वकिलाशी बोलल्याशिवाय कशावरही कबुली लिहू नका. ईमेल आणि पासवर्ड स्वतःचा ठेवा.

जन्मतारखेचंही तेच. घरी जन्मलेल्या कितीतरी मुलांच्या दाखल्यावर शाळेने १ जून घातलेली असते. वयोगटाच्या स्पर्धेत त्यावरून वाद होतात. चुकीची तारीख शाळा सोडण्याआधी दुरुस्त करून घ्या. नंतर ते फार अवघड जातं.

वकिलाला पैसे कुठून आणायचे, हा प्रश्न मला प्रत्येक घरात विचारतात. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७च्या कलम १२ नुसार अनुसूचित जमातीच्या व्यक्तीला, स्त्रियांना आणि मुलांना उत्पन्न न पाहता मोफत कायदेशीर मदत मिळते. तालुका न्यायालयातल्या विधी सेवा समितीकडे साधा अर्ज पुरतो. फोनसाठी क्रमांक आहे १५१००.

आश्रमशाळेच्या गुरुजींना आणि बाईंना माझी विनंती आहे. हा क्रमांक मैदानाशेजारच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत रंगवा. मुलाची निवड झाली की त्याच दिवशी त्याच्या नावाची फाईल उघडा, आणि करार पुढे आला की सहीआधी तो एखाद्या वकिलाला वाचायला द्या.