शिल्लक मालाचं मूल्यांकन

प्रश्न : गेवराईत माझं कृषी सेवा केंद्र आहे. नुकतंच टॅली हे हिशेबाचं सॉफ्टवेअर घेतलंय. शिल्लक मालाचं मूल्यांकन कुठून सुरू करू?

उत्तर : गोदामातून. आधी पोती, बाटल्या प्रत्यक्ष मोजा. 1 एप्रिलची आरंभीची शिल्लक नग आणि खरेदी दरासह भरा. ती चुकली, तर वर्षाचा नफाही चुकतो. टॅली मुळात सरासरी दर धरतं. बियाणं-औषधांना ‘आधी आलेला माल आधी’ ही पद्धत मला अधिक योग्य वाटते. ‘शेवटी आलेला आधी’ हा पर्याय दिसेल, पण लेखा मानक 2 मध्ये तो बसत नाही. बॅच आणि मुदत नोंदवाच. मुदत संपलेलं कपाशीचं बियाणं खरेदी दरानं शिलकीत दाखवू नका. खरेदी किंमत आणि विक्रीतून मिळू शकणारी निव्वळ रक्कम यांत जी कमी, तीच धरा. 31 मार्चला पुन्हा मोजा.