उलटा करून बघा, मगच घ्या

दिवाळीच्या आठ दिवस आधी यवतमाळच्या एका दुकानात त्या मुलानं लॅपटॉप तळहातावर तोलून दाखवला. "ताई, वहीसारखा हलका. अन् हे बघा, एका बोटानं उघडते." झाकण राखाडी, धातूचं, हात लावला की गार. पडद्याला कडा जवळजवळ नाहीतच. मी ७२ हजार मोजले. त्यानं तो सगळ्या बाजूंनी फिरवून दाखवला, पण उलटा करून एकदाही दाखवला नाही. माझं नुकसान नेमकं त्याच बाजूला होतं.

पांढरकवड्याला मी दोन जिनिंगचे हिशोब बघते. हंगामात तिथली हवा कशी असते ते आपल्या जिल्ह्यात कोणाला सांगायला नको.

पहिल्याच संध्याकाळी जीएसटीचं रिटर्न भरायला बसले, तर डिजिटल सहीचा टोकन लागेना. कडेला टाइप-सीची दोन बारीक छिद्रं, बाकी काही नाही. पेनड्राइव्ह नाही, लॅनची वायर नाही. वेगळा हब घ्यावा लागला. आकड्यांची उजवीकडची कळपट्टी नाही, म्हणजे दिवसभर व्हाउचर टाकणाऱ्या माणसानं वरच्या ओळीत बोटं शोधत बसायचं. दुकानात फोन केला, "भाऊ, हे काहून नाही सांगितलं?" उत्तर आलं, "ताई, आता सगळे असेच येतात." मी काम काय करते हे त्याला विकताना माहीत होतं.

२००८ च्या जानेवारीत स्टीव्ह जॉब्स यांनी कागदी पाकिटातून मॅकबुक एअर बाहेर काढला आणि पातळ म्हणजे देखणा असं सगळीकडे ठरून गेलं. २०११ मध्ये इंटेलनं अल्ट्राबुकची टूम काढली, बाकीच्या कंपन्याही त्या वाटेला लागल्या. पण पातळपणासाठी जागा कुठून तरी काढावीच लागते. म्हणून बऱ्याच यंत्रांत रॅम बोर्डालाच सोल्डर केलेली असते, पंखे चपटे आणि हवा ओढायच्या फटी पोटाखाली असतात. एसीतल्या स्वच्छ टेबलावर हे चालतं. रुईचे तंतू उडणाऱ्या खोलीत त्या फटी गाळणीसारख्या तुंबतात.

एप्रिलमध्ये टचपॅडची उजवी कड वर आली. टेबलावर ठेवला की लॅपटॉप डुगडुगायचा. मला वाटलं, टेबलच वाकडं आहे. नागपूरच्या सर्व्हिस सेंटरवर त्यांनी मागचं पत्र्याचं झाकण काढलं तेव्हा कळलं. पंख्यावर पांढरा, गादीसारखा दाबून बसलेला थर, आणि खाली पावासारखी फुगलेली बॅटरी. माणूस मान वर न करता म्हणाला, "बाहेरची धूळ आहे मॅडम, वॉरंटीत बसत नाही." वर पुस्तिकेतली ओळ दाखवली: वापराचं तापमान ३५ अंशांपर्यंत. आपल्याकडे मार्चमध्येच पारा ३५ ओलांडतो, मेमध्ये ४५ ला टेकतो. मग हे यंत्र यवतमाळात विकायला ठेवलंच कशाला? हे मी त्याला विचारलं. त्यानं जॉबशीटवर लिहिलं, "वापर चुकीचा." याच जिनिंगमध्ये माझं आधीचं जाड, काळं मशीन सात हंगाम चाललं होतं. पैशांपेक्षा ते दोन शब्द मला अजून सलतात.

तेव्हा घेताना आधी उलटा करा. फटी कुठे आहेत आणि झाकणाचे स्क्रू साध्या पेचकसानं निघतात का, ते बघा. रॅमला मोकळा स्लॉट आहे का, हे बिलावर लिहून मागा. आपला टोकन, पेनड्राइव्ह खिशात न्या आणि दुकानातच लावून बघा. पडदा दारातल्या उजेडात धरा. चकचकीत असेल तर आकड्यांऐवजी स्वतःचा चेहरा दिसेल. चार जणांना विचारा, घाई करू नका, बॅकअप ठेवा. सेटिंगमध्ये चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवायची सोय असली तर उन्हाळ्यात ती चालू ठेवा. टचपॅड उचलला गेला तर दाबून बसवू नका, चार्जिंगला लावू नका. ताबडतोब बंद करा. दुरुस्तीला देताना सगळ्या बाजूंचे फोटो काढा आणि जॉबशीट वाचल्याशिवाय सही करू नका.

आणि गप्प बसू नका. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा जुलै २०२० पासून लागू आहे. आपण राहतो त्याच जिल्ह्याच्या आयोगात तक्रार करता येते, कंपनीच्या गावी जावं लागत नाही. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही. त्याआधी ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ वर फोन करून नोंद करा. माझी तक्रार दाखल झाली आहे, जॉबशीटची प्रत जोडून.

सध्या काम एका जुन्या थिंकपॅडवर चालू आहे. १९९२ मध्ये रिचर्ड सॅपर यांनी जपानी जेवणाच्या डब्यावरून त्या काळ्या चौकोनी पेटीचं रूप ठरवलं होतं. दुकानात तिच्याकडे कोणी वळूनही बघणार नाही. दर दुसऱ्या रविवारी मी तिचे स्क्रू सोडवते, पंखा बोटानं धरून ठेवते आणि रंगाच्या मऊ ब्रशनं रुई काढते. पंधरा मिनिटं लागतात.